ज्याचे घर, त्याचे रंग

घर बांधून होते, भिंतींचा गिलावा वाळतो, सुतार आपली हत्यारे गुंडाळून निघून जातो, आणि मग एके दिवशी सकाळी रंगारी दारात उभा राहून विचारतो, "बाई, रंग कोणता द्यायचा?" प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर बहुधा कोणाजवळच तयार नसते. घराच्या पायाचा विचार झालेला असतो, पैशांची ओढाताण सोसून झालेली असते, स्वयंपाकाचा ओटा कोणत्या बाजूला असावा यावर दोन पिढ्यांचा वादही होऊन गेलेला असतो. रंगाचा विचार तेवढा शेवटच्या दिवसावर टाकलेला असतो. मग रंगारी पिशवीतून नमुन्यांचे पत्रक काढतो. त्यावरचे शेकडो चौकोन पाहून आपण भांबावतो, आणि अखेरीस शेजाऱ्यांनी दिला आहे तोच, कोणाच्या डोळ्यांवर न येणारा फिकट रंग पसंत करून मोकळे होतो. घर आपले होते. रंग मात्र कोणाचाच होत नाही.

ज्यांच्या मनाला ऊबदार आणि उजळ रंगांची ओढ आहे, त्यांची पंचाईत तर याहून अधिक. हळदीचा पिवळा, झेंडूचा केशरी, डाळिंबी, शेंदरी, विटकरी हे रंग त्यांना लुगड्यात आवडतात, फुलांत आवडतात, रांगोळीत आवडतात. पण तेच भिंतीवर आणायचे म्हटले की मन कचरते. लोक 'भडक' म्हणतील ही भीती असते, आणि ती अगदीच निराधार असते असेही नाही. मग अशा माणसाने आपली आवड मनातच ठेवावी काय? मला तसे वाटत नाही. उजळ रंगांच्या सहवासात सुखाने राहता येते. मात्र त्यासाठी तीन गोष्टींकडे नीट पाहिले पाहिजे: घरात राहणारे माणूस, घरात येणारा प्रकाश आणि रंगांचे परस्परांशी असलेले प्रमाण.

आधी 'ऊबदार' या शब्दाचा अर्थ पाहू. न्यूटनने सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन त्याचे रंग वेगळे केले आणि १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात ते एका वर्तुळात मांडले. त्या वर्तुळाचा तांबड्यापासून पिवळ्यापर्यंतचा भाग चित्रकार उष्ण मानतात, तर हिरवट निळ्यापासून जांभळ्यापर्यंतचा भाग शीत मानतात. ही उष्णता तापमापकात दिसणारी नव्हे. खोलीची आतली भिंत पिवळी केल्याने हवा तापत नाही. पण विस्तव, दिव्याची ज्योत, कोवळे ऊन आणि पिकलेले फळ यांच्याशी या रंगांची सोबत मनुष्याने इतकी जुनी अनुभवली आहे की ते पाहताच मनाला ऊब वाटते. शीत रंगांची भिंत मागे सरल्यासारखी भासते; ऊबदार रंगांची भिंत जवळ आल्यासारखी वाटते. मोठी, ओकीबोकी खोली त्यामुळे आपलीशी होते, आणि लहान खोली, काळजी न घेतल्यास, अंगावर येते.

ऊबदार रंगांनी घर कसे घडवावे याचे एक उत्तम उदाहरण स्वीडनमध्ये आहे. त्या देशाच्या दालार्ना प्रांतात, फालून या खाणीच्या गावाजवळ, सुंडबॉर्न नावाचे खेडे आहे. तेथील एक लहानसे लाकडी घर चित्रकार कार्ल लार्सन आणि त्याची पत्नी कारिन यांना कारिनच्या वडिलांनी १८८८ साली दिले. कार्लचा जन्म १८५३ सालचा. त्याचे बालपण स्टॉकहोममधील दरिद्री वस्तीत, अंधाऱ्या भाड्याच्या खोल्यांत गेले होते. कारिन व्यापाऱ्याच्या घरची मुलगी. तीही चित्रकला रीतसर शिकलेली होती. फ्रान्समधील चित्रकारांच्या एका वसाहतीत दोघांची भेट झाली आणि १८८३ साली विवाह झाला. पुढे मुले झाली, संसार वाढला, आणि कारिनचा कुंचला बाजूला पडला.

कुंचला बाजूला पडला खरा, पण रंगांची दृष्टी बाजूला पडली नाही. त्या काळी युरोपातील सुखवस्तू घरांत गडद लाकूड, जाड मखमल आणि ऊन आत येऊ न देणारे भारी पडदे यांचा थाट असे. कारिन आणि कार्ल यांनी नेमके उलट केले. भोजनगृहात तांबडा आणि हिरवा रंग समोरासमोर आणले. जुन्या घाटाच्या खुर्च्या पांढऱ्या रंगविल्या, त्यांना पट्ट्यापट्ट्यांचे साधे कापड चढविले, आणि खिडक्या मोकळ्या ठेवून त्यांत फुलांच्या कुंड्या मांडल्या. कार्लने दारांवर चित्रे काढली. कारिनने हातमागावर गालिचे, पडदे, उशांचे अभ्रे विणले, आणि स्वतः आखलेले लाकूडसामान गावच्या सुताराकडून करवून घेतले. डिसेंबरात तेथे दिवस सुमारे सहाच तासांचा असतो. बाहेर बर्फ आणि काळोख असताना घरातील तांबडा व पिवळा रंग सूर्याची उणीव भरून काढीत असेल, याची कल्पना आपल्याला सहज करता येते.

पुढे एका पावसाळी उन्हाळ्यात, बाहेर जाऊन चित्रे काढता येत नाहीत म्हणून बेचैन झालेल्या नवऱ्याला कारिनने सुचविले, की घराचीच चित्रे काढावीत. त्यातून जलरंगांची एक मालिकाच तयार झाली. त्यांपैकी २४ चित्रांचे 'एक घर' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक १८९९ साली निघाले आणि कार्ल लार्सनचे नाव देशोदेशी पोहोचले. चित्रे काढणाऱ्याची कीर्ती झाली. ज्या घराची ती चित्रे होती, ते घर रंगांनी आणि धाग्यांनी घडविणारी मात्र दीर्घकाळ 'चित्रकाराची पत्नी' म्हणूनच ओळखली गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने १९९७ साली त्यांच्या घराविषयी प्रदर्शन भरविले, तेव्हा शीर्षकात दोघांची नावे होती. कारिनच्या मृत्यूला तेव्हा ६९ वर्षे झाली होती. घराच्या रंगांचा विचार हा रिकामपणाचा उद्योग आहे असे म्हणणाऱ्यांनी ही हकिगत ध्यानात ठेवावी. ती एका कलावतीची कला होती, आणि तिला घराच्या भिंतींएवढाच अवकाश मिळाला होता.

हे उदाहरण दूरदेशीचे असले, तरी तेथील तांबड्या रंगाशी आपले नाते अगदी जवळचे आहे. स्वीडनमधील खेड्यापाड्यांतील लाकडी घरे बाहेरून ज्या तांबड्या रंगाने रंगविलेली दिसतात, तो रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीत उरलेल्या मातीपासून झालेला आहे. खाण १९९२ साली बंद झाली, तरी रंगाचे नाव तिच्याच गावावरून चालत आले आहे. त्या मातीला तांबडेपणा येतो तो लोहाच्या संयुगामुळे. आणि आपला गेरू म्हणजे तरी दुसरे काय? आपली पिवडी त्याच कुळातली. तिच्यात लोहाबरोबर पाण्याचा अंश बांधलेला असतो, म्हणून ती पिवळी दिसते. ती चांगली तापविली की तो अंश निघून जातो आणि पिवडी तांबडी होते. आपल्या आज्या-पणज्यांनी तुळशीवृंदावनाला आणि उंबऱ्याला गेरू लावला, चुन्यात पिवडी कालवून भिंती रंगविल्या. डहाणूकडच्या वारली स्त्रियांनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे रेखाटली. गोव्यात आणि कोकणात कावीच्या कामात पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो नक्षीप्रमाणे खरवडून काढीत. ऊबदार रंग म्हणजे नवी चैन नव्हे. तो आपल्या पायाखालच्या मातीचाच रंग आहे. शिवाय हे मातीचे रंग उन्हाने सहसा उडत नाहीत. हळदीने रंगविलेले कापड चार दिवस उन्हात टाकले तर फिके पडते; गेरू मात्र वर्षानुवर्षे टिकतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करावयास हवी. सुंडबॉर्नच्या घराने आपला रंग आपल्या प्रकाशाला विचारून निवडला होता. आपणही तेच केले पाहिजे. त्यांचा रंग उचलून आणता कामा नये. हे शहाणपण आम्हांला चुकूनच आले. नागपूरच्या आमच्या घरातील बैठकीची खोली पश्चिमेकडे तोंड करून होती. नमुन्याच्या पत्रकावरील बोटभर चौकोन पाहून आम्ही चारही भिंतींना गडद आंबेपिवळा रंग दिला. सकाळी खोली फार प्रसन्न दिसे. पण वैशाखात चार वाजता उतरते ऊन समोरच्या भिंतीवर पडले, की डोळे मिटून घ्यावेसे वाटत. एक स्नेही घाम पुशीत म्हणाले, "रंग उत्तम आहे हो, पण आमरसाच्या पातेल्यात बसल्यासारखे वाटते!" आम्ही हसलो; पण ते गेल्यावर बराच वेळ भिंतीकडे पाहत बसलो.

चूक कोठे झाली हे नंतर समजले. पहिली गोष्ट अशी, की एका भिंतीचा रंग दुसऱ्या भिंतीवर परावर्तित होतो. चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या, की त्या एकमेकींना तोच रंग देत राहतात, आणि पत्रकावर सौम्य दिसणारी छटा खोलीत दुपटीने गडद भासते. दुसरी गोष्ट, पश्चिमेचे सायंकाळचे ऊन स्वतःच पिवळे-तांबूस असते. पिवळ्यावर पिवळ्याची भर पडली. तोच रंग उत्तरेकडील खोलीत शोभला असता. उत्तरेच्या खिडकीतून प्रत्यक्ष ऊन फारसे येत नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्या थंड उजेडाला ऊबदार भिंत हवीच असते. दिल्लीच्या किंवा शिलाँगच्या हिवाळ्यात अशा खोलीत पिवळ्या भिंतीची किंमत कळते.

आणि जेथे उजेडच कमी आहे तेथे? मुंबईत कित्येक खिडक्या शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडतात. अशा खोलीत गडद तांबडा रंग देऊ नये. चुन्याची पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार पंचमांश प्रकाश परत खोलीत टाकते. गडद तांबडी भिंत आठवा हिस्सा परत देते की नाही इतकेच. शिवाय एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने दाखविले, की उजेड कमी होत गेला म्हणजे आपल्या डोळ्यांना तांबडा रंग निळ्याच्या आधी काळवंडलेला दिसू लागतो. सकाळचा डाळिंबी रंग तिन्हीसांजेला काजळी धरल्यासारखा का दिसतो, त्याचे कारण हे. अशा खोलीला लोण्यासारखा फिका पिवळा द्यावा, आणि तांबडा रंग दिव्याजवळच्या एखाद्या वस्तूपुरता राखावा.

आता प्रमाणाचा विचार. या बाबतीत आपल्याला परदेशी आचार्यांकडे जाण्याचे कारण नाही. आपले लुगडेच याचा पाठ देते. लुगड्याला अंग असते, काठ असतो आणि पदर असतो. अंगाचा रंग सर्वांत अधिक, काठ त्याला बांधून ठेवणारा, आणि पदर थोडा, पण सारी दृष्टी वेधून घेणारा. सगळेच लुगडे पदरासारखे विणले तर ते नेसवणार नाही. घराचे तसेच आहे. खोलीतील रंगाचे दहा भाग कल्पिले, तर सुमारे सहा भाग अंगाचा रंग, तीन भाग काठाचा आणि एक भाग पदराचा असावा. अंग शांत असावे: चुन्याचा पांढरा, मलईचा, तांदळाचा किंवा फिक्या पिवडीचा. काठ म्हणजे पडदे, सतरंजी, दारे-खिडक्या. तेथे विटकरी किंवा केशरी येऊ द्यावा. आणि पदर म्हणजे एखादा कोनाडा, एखादी उशी, तांब्याचा एखादा हंडा. तोच रंग खोलीत दोन-तीन ठिकाणी थोडाथोडा पुन्हा दिसावा, म्हणजे तो चुकून आल्यासारखा वाटत नाही.

रंगाला शेजारही पाहावा लागतो. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यात मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही अशा तक्रारी तेथे येत. त्यांनी तपास केला तेव्हा दोष रंगात नव्हता, शेजारच्या रंगांत होता. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध दिशेने ढकलतो, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. हिरव्याशेजारी तांबडा अधिक तांबडा दिसतो, निळ्याशेजारी केशरी अधिक पेट घेतो. म्हणून ज्याला ऊबदार रंग आवडतात त्यानेही घरात थोडा थंड रंग ठेवावा. खिडकीतले पोपटी झाड किंवा निळ्या नक्षीची एक बरणी एवढ्याने पिवळा रंग जिवंत होतो. ताटातील चटणी थोडीच असते, पण तिच्यामुळे बाकीच्या पदार्थांना चव येते. आमची नागपूरची खोली अशीच सुधारली. ऊन पडणाऱ्या भिंती पांढऱ्या केल्या, आंबेपिवळा फक्त खिडकीच्या बाजूच्या, म्हणजे पश्चिमेच्या, भिंतीवर राहू दिला, आणि दारात मोगऱ्याच्या दोन कुंड्या ठेवल्या. ते स्नेही पुन्हा आले तेव्हा रंगाविषयी काही बोलले नाहीत. तासभर बसले मात्र.

आता सर्वांत अवघड प्रश्न: आपला रंग कोणता हे ओळखावे कसे? नमुन्याच्या पत्रकाआधी घरातली जुनी ट्रंक उघडावी. आपण वर्षानुवर्षे कोणत्या रंगाची वस्त्रे पुन्हापुन्हा घेतली आहेत ते पाहावे. आणि घरात गोधडी असेल तर ती उन्हात पसरून पाहावी. आजीची लुगडी, आईची पातळे, मुलांची झबली यांचे तुकडे तिच्यात शिवलेले असतात. त्या कुटुंबाने कोणते रंग अंगाखांद्यावर बाळगले, याची नोंदवहीच ती. तिच्यातील दोन-तीन रंग डोळ्यांना पुनःपुन्हा बोलावतात, तेच आपले.

महाराष्ट्राबाहेर, दूरच्या प्रांतात भाड्याच्या घरात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना भिंतीला हात लावण्याची मुभा नसते. त्यांनी काय करावे? कोलकात्यात आमच्या परिचयाच्या एक बाई आहेत. बदलीच्या नोकरीमुळे त्यांनी आठ घरे बदलली, आणि आठही घरांच्या भिंती घरमालकाच्या पसंतीच्या. त्यांच्याकडे गेलो तेव्हा फिक्या राखी भिंतीच्या खोलीत झेंडूच्या रंगाचे पडदे होते, दिवाणावर तांबडी सोलापुरी चादर होती, आणि भिंतीशी टेकवलेल्या लाकडी घडवंचीवर आईच्या हातची गोधडी नीट घडी घालून ठेवली होती. मी कौतुक केले तेव्हा त्या म्हणाल्या, "भिंत मालकाची आहे हो, पण पडदा माझा आहे. मुले शाळेतून आली, की त्यांना कोणत्याही गावात हेच घर दिसते." त्या बाईंनी कारिन लार्सनचे नाव ऐकलेले नव्हते.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगून थांबतो. पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या तेलरंगांना झळाळी यावी म्हणून पूर्वी त्यांत शिशाची संयुगे घालीत, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपायकारक आहे. आपल्या देशात २०१६ साली झालेल्या आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. तेव्हा रंग घेताना डब्यावरील मजकूर वाचावा. आणि जुन्या घराची दारे-खिडक्या खरवडावयाच्या असतील तर कोरड्या घासू नयेत, ओल्या करून घासाव्यात, व मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवावे. दुसरी गोष्ट दिव्याची. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिन या मापात एक आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० चा दिवा पिवळसर, ६५०० चा निळसर पांढरा. निळसर दिव्याखाली केशरी आणि तांबडा रंग निस्तेज होतो. दिवसा जपलेली ऊब रात्री एका दिव्याने घालवू नये.

तेव्हा रंगारी दारात येईल त्याच्या आठ दिवस आधी, निवडलेल्या रंगाचा हातभर पट्टा भिंतीवर काढून ठेवा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला त्याच्याकडे पाहा. जाता-येता घरातल्या सर्वांना पाहू द्या. लहानांनाही विचारा, कारण त्या भिंतीची आठवण सर्वांत अधिक काळ तीच मंडळी बाळगणार आहेत. आठव्या दिवशीही तो रंग पाहून बरे वाटले, तर लोक काय म्हणतील याची फिकीर करू नका. रंगाऱ्याने विचारले, की पत्रक मागण्याऐवजी त्या पट्ट्याकडे बोट दाखवा आणि सांगा, "हा."